पाचवा प्रश्न : १९३७ ची सोव्हिएत जनगणना आणि साडेपाच कोटी ‘आस्तिक’

६ जानेवारी १९३७ रोजी सोव्हिएत संघात जनगणना झाली. सुमारे दहा लाख प्रगणक या कामाला जुंपले होते. पत्रकात चौदा प्रश्न होते. त्यातला पाचवा धर्माचा होता आणि सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला तो विचारायचा होता. उत्तर द्यायचे ते तोंडी, समोर बसलेल्या अनोळखी माणसाला, आणि तो ते नावापुढे लिहून घेणार. गुप्त मतदानासारखा कुठलाही आडोसा नव्हता.

तोवर धर्मविरोधी प्रचाराची वीस वर्षे होत आली होती. चर्च पाडून झाली होती, पाद्री तुरुंगात होते, शाळेत मुलांना देव नाही असे शिकवले जात होते. अशा वेळी ५ कोटी ५३ लाख लोकांनी ‘आम्ही आस्तिक आहोत’ असे सांगितले. ज्यांनी उत्तर दिले त्यांच्यात हे प्रमाण ५६.७ टक्के होते. मोर्चा निघाला नाही, पत्रके वाटली गेली नाहीत, कुणी पुढारी नव्हता. सुरुवातीच्या साम्यवादी राजवटीत सामान्य माणसाने मुकाट्याने नोंदवलेल्या नकाराचे इतके मोठे आणि सरकारी शिक्क्याचे दुसरे उदाहरण आम्हाला माहीत नाही. म्हणून या एकाच प्रश्नाचा प्रवास इथे तपशिलाने मांडला आहे : तो पत्रकात कसा आला, लोकांपर्यंत कसा पोहोचला, आकडे काय निघाले, ते कसे वाचावेत आणि ते मोजणाऱ्यांचे पुढे काय झाले.

जनगणनेआधीचा प्रचार

‘धर्मविरोधी प्रचार’ म्हटले की भिंतीवरची पोस्टर डोळ्यांपुढे येतात. पोस्टर होतीच, पण तो प्रचाराचा सगळ्यात हलका भाग होता. मुख्य काम कायद्याने, करांनी आणि दिनदर्शिकेने केले.

८ एप्रिल १९२९ च्या कायद्याने धार्मिक संस्थांना प्रार्थनेपलीकडे काहीही करायला बंदी घातली. मुलांचे धर्मशिक्षण, मदतनिधी, वाचनालये, स्त्रियांची मंडळे, सगळे बंद. प्रार्थनास्थळ चालवायचे तर किमान वीस जणांनी नावानिशी सही करून जबाबदारी घ्यायची. म्हणजे प्रत्येक गावातल्या सगळ्यात धीट वीस श्रद्धाळूंची यादी आपसूक सरकारच्या हाती. पाद्र्यांना मतदानाचा हक्क नव्हता. हक्क नसलेल्यांना रेशनकार्डापासून मुलांच्या उच्च शिक्षणापर्यंत सगळीकडे दार बंद असे. घंटा उतरवून धातूसाठी वितळवल्या. मॉस्कोचे ख्राइस्ट द सेव्हियर कॅथीड्रल ५ डिसेंबर १९३१ ला सुरुंग लावून उडवले.

आठवड्याचीही मोडतोड झाली. आधी पाच दिवसांचा आठवडा आला, मग १९३१ पासून सहा दिवसांचा. सुट्टी महिन्याच्या ६, १२, १८, २४ आणि ३० तारखेला. रविवार कामाच्या दिवसांत विरघळून गेला. चर्चला जायचे तर कामावर गैरहजर राहावे लागे, आणि गैरहजेरीची शिक्षा कडक होती. कुणाच्याही श्रद्धेवर थेट बोट न ठेवता श्रद्धेचा रोजचा आधार काढून घेण्याची ही युक्ती होती, आणि शहरांत तिचा परिणामही झाला.

समजावण्याचे काम ‘लढाऊ निरीश्वरवादी संघा’कडे होते. येमेल्यान यारोस्लाव्स्की त्याचा प्रमुख. १९३२ साली या संघाने ५५ लाख सदस्यांचा दावा केला होता. लेनिनग्राडच्या कझान कॅथीड्रलमध्ये धर्माच्या इतिहासाचे संग्रहालय थाटले. सेंट आयझॅक कॅथीड्रलच्या घुमटातून १९३१ साली ९८ मीटर लांबीचा फूकोचा लंबक सोडला. प्रेक्षकांनी खाली उभे राहायचे, लंबकाची दिशा हळूहळू सरकताना पाहायची आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते याची खात्री करून घ्यायची. विज्ञान म्हणून प्रयोग चोख होता. पण घुमटाखाली उभ्या असलेल्या शेतकरी बाईचा देव पृथ्वी फिरते की नाही यावर अवलंबून नव्हता. प्रचारकांना हे कळले नाही. ते विश्वरचनेबद्दल बोलत राहिले. गावातल्या माणसाला मात्र बारसे, लग्न, मयत आणि पिकासाठीची प्रार्थना यांची काळजी होती, आणि यांतल्या कशालाच लंबक उत्तर देत नव्हता.

संघाच्या सदस्यसंख्येचा फुगा पुढच्या चार-पाच वर्षांत फुटला. ५५ लाखांतले बरेचसे कारखान्याच्या किंवा शाळेच्या यादीवरून घाऊक नोंदवलेले होते. वर्गणी येईना, सभा होईनात. पण वर जाणाऱ्या अहवालांत धर्म मरणपंथालाच लागलेला दिसे. खालच्या अधिकाऱ्याला वरच्याला आवडेल तेच लिहायचे असते, आणि वरचा तेच खरे धरून पुढचा निर्णय घेतो. धर्माचा प्रश्न जनगणनेत येण्यामागे हा आत्मविश्वास होता असे आमचे मत आहे. हरणार असे वाटले असते तर कुणी मोजायला गेले नसते.

पत्रक आणि पद्धत

आधीची जनगणना डिसेंबर १९२६ ची. तेव्हा १४ कोटी ७० लाख लोक मोजले गेले. तिच्यात धर्माचा प्रश्न नव्हता. झारच्या काळातल्या १८९७ च्या जनगणनेत होता. पुढची जनगणना १९३३ मध्ये व्हायची होती, ती पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली. मधल्या काळात सामूहिक शेती लादली गेली होती आणि १९३२-३३ चा दुष्काळ येऊन गेला होता. एप्रिल १९३६ मध्ये सरकारने अखेर नियम मंजूर केले. संख्याशास्त्रज्ञांनी तयार केलेला मसुदा बराच मोठा होता. स्टालिनने तो स्वतः तपासला, प्रश्न छाटून चौदावर आणले, आणि धर्माचा प्रश्न अंतिम पत्रकात आला तो याच टप्प्यावर. संख्याशास्त्रज्ञांनी तो मागितला नव्हता.

सूचना मात्र काळजीपूर्वक लिहिलेली होती. जन्माने किंवा आईवडिलांमुळे जो धर्म चिकटला तो विचारायचा नाही, माणसाची आजची धारणा काय ते विचारायचे. स्वतःला नास्तिक मानत असेल तर ‘नास्तिक’ लिहायचे. आस्तिक असेल तर पंथाचे नाव लिहायचे : ऑर्थोडॉक्स, लुथरन, बाप्तिस्त, मोलोकान, मुसलमान, ज्यू, बौद्ध वगैरे. सर्वेक्षणाचा प्रश्न म्हणून आजच्या निकषांनीही हा वाईट नाही. परंपरा आणि धारणा यांची गल्लत तो टाळतो. उलट, केवळ रिवाज म्हणून चर्चला जाणाऱ्याला ‘नास्तिक’ म्हणून सुटायची वाट तो मोकळी ठेवतो. म्हणजे प्रश्नाची मांडणी सरकारच्या बाजूने झुकलेली होती, आणि तरीही उत्तर विरुद्ध गेले.

गणनेची पद्धत अशी : आधीच्या दिवसांत प्रगणकाने घरोघर जाऊन पत्रके भरून ठेवायची. ५ आणि ६ जानेवारीच्या मधली मध्यरात्र हा गणनेचा क्षण. ६ तारखेला पुन्हा जाऊन त्या रात्री घरात प्रत्यक्ष कोण होते ते पाहायचे, गेलेल्यांना काटायचे, आलेल्यांना जोडायचे. नंतर पडताळणीची फेरी. मोजायचे ते त्या क्षणी हजर असलेल्यांना. कायमचे रहिवासी कोण, याची वेगळी मोजणी नाही.

यात दोन अडचणी होत्या. पहिली तांत्रिक. एकाच दिवसात, फक्त हजर माणसे मोजायची तर प्रवासातला माणूस निसटतो किंवा दोनदा धरला जातो. रेल्वेगाड्या, स्टेशने, रात्रपाळीचे कारखाने, लाकूडतोड्यांच्या वस्त्या, अशा प्रत्येक ठिकाणी वेगळा प्रगणक लागतो. दुसरी अडचण तारखेची. ६ जानेवारी हा सहा दिवसांच्या आठवड्यातला सुट्टीचा दिवस, म्हणून सोयीचा. पण जुन्या पंचांगाने तीच नाताळची पूर्वसंध्या. ऑर्थोडॉक्स चर्च जुनेच पंचांग पाळत होते आणि त्यांचा नाताळ ७ जानेवारीला येत होता. जिथे प्रार्थनास्थळ उरले होते तिथे लोक त्या संध्याकाळी प्रार्थनेला जाणार, उरले नव्हते तिथे नातेवाइकांकडे जमणार. वर्षातल्या ज्या संध्याकाळी रशियन खेड्याला आपला धर्म सगळ्यात जास्त आठवतो, नेमकी तीच संध्याकाळ सरकारने धर्म विचारायला निवडली होती.

प्रगणक कोण होते हेही महत्त्वाचे. शिक्षक, कारकून, विद्यार्थी, तरुण साम्यवादी संघटनेचे सदस्य. गावातला प्रगणक बहुधा ओळखीचाच. उत्तर गुप्त राहील असे सरकार सांगत होते, पण ज्याच्या हाती पत्रक तोच उद्या शाळेत मुलाला भेटणार. शिवाय त्याला स्वतःलाही काळजी : आपल्या विभागात आस्तिक जास्त निघाले तर आपला प्रचार कमी पडला असे कुणी म्हणेल का? अशा रचनेत चूक होणार ती बहुतेक एकाच दिशेने, ‘नास्तिक’च्या बाजूला.

अफवा

गणनेच्या आधीच्या आठवड्यांत गावागावांत काय बोलले जात होते, हे आपल्याला गुप्त पोलिसांच्या आणि जनगणना कार्यालयाच्या अहवालांतून कळते. हे अहवाल ‘शत्रूच्या कारवाया’ म्हणून लिहिलेले आहेत, तेव्हा त्यातली विशेषणे बाजूला ठेवून मजकूर पाहावा लागतो. त्यात दोन विरुद्ध दिशांच्या अफवा दिसतात.

पहिली भीतीची. आस्तिक म्हणून नाव लागले की हद्दपार करतील, कर वाढवतील, अटक करतील. कुठे म्हणत होते की आस्तिकांवर खूण उमटवणार, ती ख्रिस्तविरोध्याची खूण असेल. कुठे ६ जानेवारीच्या रात्री कत्तल होणार अशी धास्ती. हे ऐकायला भाबडे वाटते. पण ज्या माणसाने १९३० साली शेजाऱ्याचे कुटुंब एका यादीवरून उत्तरेला रवाना झालेले पाहिले होते, त्याच्यासाठी नाव लिहून घेणारा सरकारी माणूस म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको होते. अफवेने तो अनुभव बायबलच्या भाषेत सांगितला, एवढेच.

दुसरी अफवा आशेची होती, आणि आम्हाला ती जास्त महत्त्वाची वाटते. आस्तिक म्हणून भरपूर लोकांनी नावे दिली तर सरकारला चर्च उघडावी लागतील, असे लोक एकमेकांना सांगत होते. आपण किती आहोत हे त्यांना कळू द्या. याला आधार होता तो सरकारी कागदाचाच. जेमतेम महिनाभर आधी, ५ डिसेंबर १९३६ ला, नवे संविधान मंजूर झाले होते. त्याच्या १२४ व्या कलमात उपासनेचे स्वातंत्र्य होते, आणि त्याच कलमात धर्मविरोधी प्रचाराचेही. १३५ व्या कलमाने पाद्र्यांसकट सगळ्यांना मताचा हक्क परत दिला होता. जूनपासून या मसुद्यावर देशभर सभा घेतल्या गेल्या होत्या, तो वाचून दाखवला गेला होता, लोकांना सूचना पाठवायला सांगितले होते. सरकारला हे संविधान जगाला दाखवायचे होते. गावकऱ्यांनी ते वाचले आणि त्यातले आपल्या कामाचे कलम उचलले. प्रचार इतक्या जोरात केला की लोकांनी तो शब्दशः खरा धरला. हुकूमशाहीला हे झेपणारे नव्हते.

याशिवाय धर्माचे स्वतःचे बळ होते. माणसांसमोर जो मला नाकारील त्याला मीही नाकारीन, हे ख्रिस्ताचे वचन बहुतेक श्रद्धाळूंना पाठ होते, आणि श्रद्धा लपवू नका असे सांगणारे पाद्री होते. हे वचन ज्याच्या मनात पक्के आहे त्याच्यासाठी पाचवा प्रश्न आकडेवारीचा राहतच नाही. ‘नास्तिक’ म्हणणे हे त्याच्या लेखी धर्मत्याग. काही छोट्या पंथांनी तर नोंदणीच पाप मानली आणि उत्तर द्यायचेच नाकारले.

आकडे

सोळा वर्षांवरचे सुमारे ९ कोटी ८४ लाख. त्यांपैकी आस्तिक ५ कोटी ५३ लाख, नास्तिक ४ कोटी २२ लाख, आणि उत्तर न देणारे सुमारे ९ लाख. आस्तिकांत ऑर्थोडॉक्स ४ कोटी १६ लाख, म्हणजे तीन चतुर्थांश. मुसलमान ८३ लाख. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट प्रत्येकी पाच लाखांच्या आसपास, ज्यू धर्म पाळणारे सुमारे तीन लाख.

आस्तिकांत जवळजवळ दोन तृतीयांश स्त्रिया होत्या. याची दोन कारणे दिसतात. खेड्यात घरच्या देवाधर्माची जबाबदारी बाईची असते, हे एक. दुसरे थोडे कठोर आहे : कारखान्यात, पक्षात, लष्करात पुरुष जास्त, म्हणून गमावण्यासारखेही त्यांच्याकडे जास्त. नवऱ्याने ‘नास्तिक’ आणि बायकोने ‘ऑर्थोडॉक्स’ लिहून द्यावे, म्हणजे नोकरीही राहते आणि भिंतीवरचा आयकॉनही, म्हणजे पूजेचे संतचित्रही. अशा घराला पोकळ म्हणणे अन्यायाचे आहे. कोपऱ्यात सापडलेल्या माणसांनी केलेली ती वाटणी होती.

वयाप्रमाणे पाहिले तर पन्नाशीपुढे आस्तिकांचे प्रमाण खूपच वाढते, यात नवल नाही. चकित करतात ते तरुण. तिशीच्या आतल्यांतही दहांमागे चाराहून जास्त जणांनी आस्तिक असल्याचे सांगितले. यांतल्या सगळ्यात लहान मुलांचा जन्म क्रांतीनंतरचा. शाळा सोव्हिएत, पुस्तके सोव्हिएत, बालसंघटना सोव्हिएत. त्यांच्या हाती धर्म पोहोचला तो घरातून, बहुधा आजीकडून. वीस वर्षांच्या प्रचाराला सगळ्यात जड गेले असेल ते हे.

साक्षरतेचा आकडाही असाच बोचरा निघाला. निकष अगदी सैल होता, अक्षरे जुळवून वाचता यावे आणि सही करता यावी इतकाच. तरीही नऊ-दहा वर्षांवरच्या लोकांत सुमारे चौथा हिस्सा निरक्षर भरला, आणि निरक्षरता जवळजवळ संपली असे तर जाहीर होऊन बसले होते.

हे ५६.७ टक्के कसे वाचायचे

हा आकडा पहिल्यांदा वाचताना माणूस दोन टोकांच्या चुका करू शकतो. एक, प्रत्येक ‘आस्तिक’ म्हणजे राजवटीचा विरोधक असे धरणे. तसे नव्हते. सामूहिक शेतावर मन लावून राबणारा, मुलगा ट्रॅक्टर चालवतो याचा अभिमान असणारा, स्टालिनचे चित्र आणि आयकॉन दोन्ही घरात ठेवणारा माणूस या साडेपाच कोटींत मोठ्या संख्येने असणार. त्याने नकार दिला तो एकाच गोष्टीला : आतली श्रद्धा सरकारने ठरवायची. आमच्या मते मूक असहमतीचे खरे रूप हेच असते. ती सगळी राजवट नाकारत नाही, एका जागी पाय रोवते.

दुसरी चूक म्हणजे ४३ टक्के नास्तिक हा प्रचाराच्या यशाचा आकडा मानणे. भीती, नोकरी, प्रगणकाचा कल, प्रश्नाची मांडणी हे सगळे ‘नास्तिक’कडे ढकलत होते. उलट दिशेने ढकलणाऱ्या गोष्टी दोनच : चर्च उघडतील ही आशा आणि पापाची भीती. नास्तिक असून ‘आस्तिक’ लिहून देण्यात कुणाचा काय फायदा? जवळजवळ काहीच नाही. म्हणून आस्तिकांचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी असण्याचीच शक्यता मोठी. तो किमान धरावा. अर्थात शहरी तरुणांत प्रामाणिक, विचार करून झालेले नास्तिक लाखोंनी होते. त्यांना भित्रे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आणखी एक गोष्ट अभ्यासकांनी ध्यानात ठेवावी. पोलिसी अहवालातून लोकमत काढताना नेहमी शंका राहते, कारण अहवाल लिहिणाऱ्याला काहीतरी सापडून दाखवायचे असते. इथे तसे नाही. जनगणना कार्यालयाला आस्तिक शोधायचे नव्हते. निघालेला आकडा मोजणाऱ्याच्या हिताच्या विरुद्ध होता, आणि तरीही त्यांनी तो तसाच वर पाठवला. पुराव्याचे वजन यातच आहे.

मोजणाऱ्यांचे काय झाले

धर्माचा आकडा एकटा असता तर कदाचित दाबून ठेवला गेला असता आणि प्रकरण तिथेच मिटले असते. पण एकूण बेरीज त्याहून वाईट निघाली : १६ कोटी २० लाख. जानेवारी १९३४ मध्ये सतराव्या पक्ष काँग्रेसपुढे स्टालिनने सांगितले होते की १९३३ च्या अखेरीस देशाची लोकसंख्या १६ कोटी ८० लाख आहे. डिसेंबर १९३५ मध्ये तो म्हणाला की आपल्याकडे दरवर्षी सुमारे तीस लाखांची भर पडते, म्हणजे एक आख्खे फिनलंड. या हिशेबाने १९३७ च्या सुरुवातीला सतरा कोटी सत्तर लाख हवे होते. दीड कोटी माणसे गेली कुठे?

पत्रकांत त्याचे उत्तर होते. युक्रेनमध्ये १९२६ साली २ कोटी ८९ लाख लोक होते, अकरा वर्षांनी २ कोटी ८४ लाख. सोव्हिएत संघातले कझाक ३९ लाख ७० हजारांवरून २८ लाख ६० हजारांवर आले होते. वाढ व्हायच्या काळात दर चार कझाकांमागे एकाहून जास्त कमी झाला होता. दुष्काळात मेलेल्यांच्या सगळ्या नोंदी झाल्या नव्हत्या. जनगणनेने त्या अप्रत्यक्षपणे केल्या.

गणना चुकीची होती का? एकाच दिवशी, फक्त हजर माणसे मोजल्याने काही लोक सुटले, हे खरे. पण नंतरच्या लोकसंख्याशास्त्रज्ञांनी ही तूट एक टक्क्याच्याही आत ठरवली आहे. दीड कोटींचा खड्डा त्याने भरत नाही.

मार्चमध्येच अटका सुरू झाल्या. जनगणना विभागाचा प्रमुख ओलिम्पी क्विट्किन पकडला गेला. मिखाईल कुरमानने आकड्यांतला फरक समजावणारे टिपण लिहिले होते, नोंद न झालेल्या मृत्यूंकडे आणि कझाकस्तानातून देशाबाहेर गेलेल्यांकडे बोट दाखवले होते. त्यालाही अटक झाली. केंद्रीय सांख्यिकी प्रशासनाचा प्रमुख इवान क्रावाल याने निकाल स्टालिन आणि पंतप्रधान मोलोटोव्ह यांना कळवले होते. त्याला मे अखेरीस अटक झाली आणि त्याच वर्षी गोळी घातली गेली. २५ सप्टेंबर १९३७ च्या ठरावाने जनगणना रद्द झाली. कारण दिले ते संख्याशास्त्राच्या प्राथमिक तत्त्वांचे घोर उल्लंघन. २८ सप्टेंबरला क्विट्किनला गोळी घातली. कुरमान छावण्यांतून जिवंत परतला आणि त्याने पुढे आठवणी लिहून ठेवल्या, म्हणून कार्यालयाच्या आतले काही आपल्याला कळते.

या माणसांपुढे सोपा मार्ग होता. बेरीज फुगवायची, नास्तिक वाढवायचे, वाहवा मिळवायची. त्यांनी ते केले नाही. साडेपाच कोटी लोकांची उत्तरे आपल्यापर्यंत आली ती यांच्यामुळे, आणि या प्रकरणाबद्दल लिहिताना त्यांची नावे गाळू नयेत.

श्रद्धाळूंचे काय झाले

चर्च उघडतील ही आशा फळली नाही. उलट झाले. फेब्रुवारी-मार्च १९३७ च्या केंद्रीय समितीच्या बैठकीतच, नव्या संविधानाखाली होणाऱ्या निवडणुकांचा फायदा धार्मिक गट घेतील अशी चिंता बोलून दाखवली गेली. मे महिन्यात पक्षाच्या केंद्रीय समितीतला अधिकारी मालेन्कोव्ह याने स्टालिनला लिहिले की १९२९ च्या कायद्यातली वीस जणांची अट काढून टाकावी. तिच्यामुळे देशभर सहा लाखांच्या आसपास लोकांची, सत्तेशी वैर असलेली कायदेशीर संघटना उभी राहिली आहे, असा त्याचा मुद्दा. ज्या यादीने श्रद्धाळूंवर नजर ठेवायची होती तीच आता धोका वाटू लागली. ३० जुलैच्या एनकेव्हीडीच्या (गुप्त पोलिसांच्या) ००४४७ क्रमांकाच्या आदेशात ज्यांना गोळी घालायची किंवा छावणीत पाठवायचे त्यांच्या वर्गवारीत चर्चचे लोक आणि छोट्या पंथांचे अनुयायी स्पष्ट नमूद आहेत. १९३९ पर्यंत जुन्या सोव्हिएत हद्दीत उघडी ऑर्थोडॉक्स चर्च काही शेकड्यांवर आली. पाचव्या प्रश्नाच्या उत्तरांवरून एकेकाला उचलले गेले असे म्हणायला आधार नाही. त्याची गरजही नव्हती, वीसांच्या याद्या होत्याच.

यारोस्लाव्स्कीने आकडा छापला नाही, पण अंदाज म्हणून बाहेर सोडला : शहरांत प्रौढांपैकी दोन तृतीयांश नास्तिक, खेड्यांत मात्र निम्मे ते दोन तृतीयांश आस्तिक. देशाची बहुसंख्या खेड्यात राहत होती. ज्याला गुणाकार येत होता त्याला उत्तर कळत होते. धर्म ही मूठभर म्हाताऱ्यांची सवय उरली आहे, हे यानंतर निरीश्वरवादी संघाचा प्रमुखही म्हणू शकत नव्हता.

दुसरी गणना

१७ जानेवारी १९३९ ला पुन्हा जनगणना झाली. या वेळी हजर आणि कायमचे रहिवासी असे दोन्ही मोजले. प्रवासाला निघणाऱ्याला मोजल्याची चिठ्ठी देण्यात आली, म्हणजे तो सुटू नये. तांत्रिकदृष्ट्या या सुधारणा योग्यच होत्या. पण बेरीज आधीच ठरल्यासारखी होती. अंतिम मोजदाद पूर्ण व्हायच्या आत, मार्च १९३९ मधल्या अठराव्या पक्ष काँग्रेसमध्ये, स्टालिनने १७ कोटींचा आकडा सांगितला, आणि अधिकृत निकाल १७ कोटी ६ लाख निघाला. तो फुगवलेला होता हे पुढे लोकसंख्याशास्त्रज्ञांनी दाखवले आहे.

या पत्रकातून धर्माचा प्रश्न गाळला होता. १९५९, १९७०, १९७९ आणि १९८९ च्या सोव्हिएत जनगणनांतही तो आला नाही. १९३७ चे तक्ते दप्तरखान्यात पडून राहिले आणि १९९० च्या सुमारास प्रथमच प्रसिद्ध झाले. त्यामुळे या ५६.७ टक्क्यांची तुलना करायला त्याच राजवटीतला, त्याच प्रश्नाला मिळालेला दुसरा आकडा नाही. १८९७ चा आकडा जन्माच्या धर्माचा होता, आजच्या धारणेचा नव्हता, म्हणून तो शेजारी ठेवता येत नाही. १९३७ पासून पुढे श्रद्धा वाढली की घटली हे ठरवायचे तर चर्च उघडण्यासाठी आलेले अर्ज, बारशांच्या नोंदी आणि मयताचे विधी यांवरूनच अदमास बांधावा लागतो.